प्लास्टिक एकाच गोणीत की वेगवेगळ्या? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाभोळच्या खाडीकाठी आमच्या गावात सुक्या कचऱ्याची एक पत्र्याची शेड आहे. आठवड्यातून दोनदा आम्ही पाच-सहा जण तिथे बसून प्लास्टिक निवडतो. हे काम सुरू केल्यापासून एस्टीच्या थांब्यावर, पतपेढीत, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी हटकून विचारतंच. व्हॉट्सॲपवर रोज एखाद्या बाटलीचा फोटो येतो, खाली दोन शब्द: ‘ही चालेल?’ पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. तेच तेच दोनदा सांगायला नको म्हणून जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘सिंगल-स्ट्रीम’ म्हणजे नक्की काय हो?

घरातला सगळा सुका कचरा एकाच पिशवीत टाकायचा आणि निवडायचं काम पुढे केंद्रावर करायचं, याला सिंगल-स्ट्रीम म्हणतात. बाटल्या, डबे, रद्दी, पुठ्ठा, काच, पत्रा, सगळं त्यात आलं. आम्ही शेडमध्ये त्याला ‘एकत्र सुका’ म्हणतो. ही पद्धत अमेरिकेत १९९० च्या दशकात, आधी कॅलिफोर्नियात रुजली आणि मग पसरली. त्याआधी तिथेही कागद वेगळा, काच वेगळी असंच चालायचं.

ओला कचरा यात येत नाही. ‘एकत्र’ हा शब्द ऐकून काही मंडळी कोळंबीच्या सालांसकट पिशवी बांधून देतात. त्याला सिंगल-स्ट्रीम म्हणत नाहीत.

२. सरकारी नियम काय सांगतात? घरात किती भाग करायचे?

२०१६ च्या घनकचरा नियमांत तीन भाग होते: ओला, सुका आणि घरगुती घातक. २०२६ च्या नव्या नियमांत चार झाले: ओला, सुका, सॅनिटरी (डायपर, पॅड वगैरे) आणि विशेष काळजीचा (बल्ब, औषधं, रंगाचे डबे).

सुक्याचे आणखी भाग घरातच करा असं दोन्हीकडे सांगितलेलं नाही. म्हणजे आपली घंटागाडी कागदोपत्री ‘एकत्र सुका’च गोळा करते. गावात ‘हे अमेरिकेचं खूळ इथे कशाला’ असं कोणी म्हणालं, तर त्यांना सांगा की ते आधीच आलेलं आहे, फक्त नाव कोणी घेत नाही.

३. एकत्र देण्याचा फायदा काय?

माणसं देतात, हा पहिला आणि सगळ्यात मोठा फायदा. आपल्याकडे कितीतरी घरांत आता दोन म्हातारी माणसंच राहतात, मुलं मुंबईला. गुडघे धरून वावरणाऱ्या आजीला पाच पिशव्यांचं पुराण सांगितलं तर ती सगळं उचलून पऱ्यात (ओढ्यात) टाकणार, आणि तिला दोष देता यायचा नाही. एकच गोणी म्हटली की ती खुंटीला लावते आणि भरते.

दुसरा फायदा गाडीचा. आपल्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. एका वाडीतून दुसरीत जायला घाटासारखं वळण, वर चढ. कागदाला एक फेरी, प्लास्टिकला एक, काचेला एक असं म्हटलं तर डिझेलच कचऱ्यापेक्षा महाग पडेल. एकत्र सुक्याला एका फेरीत काम भागतं.

४. मग तोटा कुठे आहे?

नासका आंबा अढी नासवतो, तसा. मध्यंतरी एक गोणी मी स्वतः निवडायच्या फळीवर ओतली. वरवर बघता चांगली होती. आत कोकम सरबताची अर्धी बाटली, टोपण सैल. सरबत आंबून फसफसलं होतं आणि खालच्या महिन्याभराच्या वर्तमानपत्रांत मुरलं होतं. ती वर्तमानपत्रं दह्याच्या डब्याला चिकटलेली. डब्याखाली बिअरची फुटकी बाटली, आणि तिचे बारीक तुकडे दुधाच्या पिशव्यांच्या घड्यांत जाऊन बसलेले. हातमोजा असूनही माझं बोट कापलं. त्या गोणीतली रद्दी सरळ गेली असती तर किलोवर विकली गेली असती, काचही. निघाले काय, तर दोन डबे आणि सात बाटल्या.

एकत्र पद्धतीचा तोटा हाच. कागद भिजतो, काच फुटते, आणि दोन्ही मिळून प्लास्टिकही खराब करतात. काचेची कच प्लास्टिकबरोबर कटाईच्या यंत्रात गेली की पाती झिजतात, म्हणून घेणारा कच दिसली की भाव पाडतो किंवा माल परत पाठवतो.

अमेरिकेला हा धडा मोठ्या किमतीला मिळाला. त्यांचं एकत्र गोळा केलेलं भंगार वर्षानुवर्षं चीन घेत होता. जुलै २०१७ मध्ये चीनने घरगुती प्लास्टिक भंगार घेणं बंद करणार असं जाहीर केलं, २०१८ पासून ते बंद केलं, आणि इतर भंगारात भेसळ अर्ध्या टक्क्याहून जास्त चालणार नाही असा दंडक घातला. एकत्र गोळा केलेल्या मालाला तो पाळणं जवळजवळ अशक्यच. तिथल्या कित्येक गावांनी मग गोळा करणंच थांबवलं, काहींनी माल जाळला किंवा पुरला. लोक मात्र सुक्या कचऱ्याच्या निळ्या पेटीत इमानेइतबारे टाकत राहिले.

५. परदेशात यंत्रं निवडतात म्हणे. आपल्याकडे तसं का नाही करत?

यंत्रं आहेत. सरकत्या पट्ट्यावर कचरा येतो, फिरत्या चाळणीतून बारीक माल गळतो, चुंबक लोखंड ओढून घेतं, दुसरं एक यंत्र ॲल्युमिनियमचे डबे बाजूला उडवतं. प्लास्टिकवर अवरक्त किरण टाकून ते कुठल्या जातीचं हे ओळखतात आणि हवेच्या फुंकरीने योग्य त्या खणात ढकलतात. बघायला फार सुंदर.

पण दोन गोष्टींपुढे हे सगळं हात टेकतं. एक, काळं प्लास्टिक. काजळीचा रंग किरण शोषून घेतो, त्यामुळे काळा डबा यंत्राला दिसतच नाही. दुसरं, पातळ पिशव्या. त्या चाळणीच्या फिरत्या चकत्यांना गुंडाळतात आणि दिवसातून कितीदा तरी यंत्र बंद करून माणसाला आत शिरून कापाव्या लागतात. आपल्या कचऱ्यात जास्त काय असतं? पातळ पिशव्या आणि पाकिटं.

शिवाय असं केंद्र चालवायला रोज प्रचंड माल लागतो. आपले तीन-चार तालुके मिळूनही तो भरायचा नाही. आमच्या शेडमधल्या बायकांना काळा डबा दिसतो, पिशवी त्यांच्या हाताला गुंडाळत नाही, आणि नुसत्या चुरगळण्याच्या आवाजावरून पाकीट साधं की चांदीच्या थराचं हे त्या न बघता सांगतात.

६. तुमच्या शेडमध्ये नक्की कशी पद्धत आहे? एकत्र की वेगळी?

मधली. घरात तीन गोण्या सांगतो.

एकीत सगळं प्लास्टिक आणि पत्रा, एकत्र. दुसरीत कागद-पुठ्ठा, आणि ही घरात कोरड्या जागी टांगायची. तिसरीत काच. ही महिना-दोन महिन्यांनी दिली तरी चालते, तिला वास नाही की घाई नाही.

प्लास्टिकच्या आत पुन्हा भाग करू नका. कुठला डबा कुठल्या जातीचा हे घरच्याला सांगून कळत नाही आणि कळायची गरजही नाही. कोरडं आणि बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर एक प्लास्टिक दुसऱ्याला घरात काही करत नाही. ते आम्ही फळीवर निवडतो. कागद आणि काच तेवढी बाजूला ठेवलीत की आमचं निम्मं काम संपतं.

ही अक्कल आमची नाही. जर्मनीत १९९१ च्या पॅकेजिंग अध्यादेशानंतर असंच चालतं: प्लास्टिक, पत्रा आणि पेयांची खोकी पिवळ्या पिशवीत, कागद वेगळा, काच चौकातल्या पेटीत. दुसऱ्या टोकाला जपानमधलं कामिकात्सु नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथे लोक कचरा चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात. आमच्या सभेत मी हा आकडा सांगितला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, ‘मग शेतात कोण जाणार?’

७. बाटल्या-डबे धुवून द्यायचे म्हणता, पण एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे प्यायलाच टँकर येतो. कसं जमायचं?

पिण्याचं पाणी एक थेंबही वापरू नका. भांडी घासून झाल्यावर शेवटचं जे पाणी उरतं, त्यात डबा बुडवून हलवला की पुरे. तेलाची बाटली धुवायची नाहीच. ती रात्रभर वाटीवर उलटी ठेवा, वाटीतलं तेल फोडणीला घाला, बाटली गोणीत टाका. दही-श्रीखंडाचे डबे पोळीच्या तुकड्याने पुसून घ्या, निदान कुत्रा तरी खाईल.

लखलखीत नको आहे. मुंग्या लागणार नाहीत, वास येणार नाही आणि दुसऱ्या मालाला चिकटणार नाही एवढंच. खरकटं असलं की उंदीर येतात, आणि पावसाळ्यात उंदराच्या मुतासोबत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) येतो. कोकणात याचं कारण कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मासे-मटणाच्या पिशव्या मात्र धुवाच. नाही जमलं तर त्या आमच्याकडे देऊ नका.

८. टोपण लावून द्यायचं की काढून?

काढून. मोठ्या यंत्रांच्या केंद्रांवर उलट सांगतात, टोपण लावूनच द्या, कारण सुटं टोपण चाळणीतून गळून जातं. तुम्ही इंटरनेटवर वाचलेलं तेही बरोबर आहे, फक्त ते आपल्यासाठी नाही.

आपल्याकडे अडचण हवेची आहे. टोपण लावलेली बाटली चेपत नाही. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीचं वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम, किलोला चाळीस-पन्नास बाटल्या लागतात. न चेपलेल्या बाटल्यांनी टेम्पो भरला तर आंबा घाटातून आपण कोल्हापूरला हवा वाहून नेतो.

टोपण वेगळ्या जातीचं असतं. बाटली ‘पेट’ची, ती पाण्यात बुडते. टोपण पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिइथिलिनचं, ते तरंगतं. कारखान्यात कटाई झाल्यावर पाण्याच्या टाकीत दोन्ही आपोआप वेगळी होतात, त्यामुळे गळ्यातलं कडं राहिलं तर चिंता नको. टोपणं एका बरणीत साठवा, आम्ही वेगळी घेतो.

९. खालच्या त्रिकोणातला आकडा काय सांगतो? त्रिकोण असला की ते पुन्हा वापरात येतं ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जुना. आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये ही खूण आणली, आणि तिच्यामुळे झालेला गोंधळ आजही निस्तरतोय.

१ म्हणजे पेट, पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या. २ म्हणजे जाड पॉलिइथिलिन, शाम्पू, फिनेलचे डबे, बादल्या. ३ पीव्हीसी. ४ मऊ पॉलिइथिलिन, दुधाच्या पिशव्या. ५ पॉलिप्रॉपिलिन, आइस्क्रीमचे डबे, खताच्या विणलेल्या गोण्या. ६ पॉलिस्टायरिन, थर्माकोल त्यातलाच. ७ म्हणजे बाकीचं सगळं. आपल्याकडे १, २, ४ आणि ५ ला बऱ्यापैकी गिऱ्हाईक आहे. ६ ला क्वचित, ७ ला जवळजवळ नाही.

३ कडे आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतो. पीव्हीसी आणि पेट दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे टाकीत वेगळे होत नाहीत. पेट वितळायला अडीचशे अंशांच्या वर तापमान लागतं. तोवर पीव्हीसी कधीच जळायला लागतं, त्यातून आम्लाचा वायू निघतो आणि वितळवून केलेला सगळा प्लास्टिकचा दाणा पिवळा पडतो, त्यात काळे ठिपके येतात. म्हणून नळाच्या पाइपांचे तुकडे बाटल्यांच्या गोणीत टाकू नका. दोन तुकडेसुद्धा नको.

१०. वेफर्स, बिस्किटं, फरसाणाची पाकिटं घेता का?

घेतो, पण त्यांचे पैसे येत नाहीत. त्या पाकिटात दोन-तीन वेगवेगळ्या जातींचे थर एकमेकांवर चिकटवलेले असतात, कधी आत चांदीसारखा मुलामा. ते थर सोडवणं परवडत नाही. म्हणून हा माल सिमेंटच्या भट्ट्यांकडे जातो. तिथे चौदाशे अंशांच्या वर तापमान असतं आणि कोळशाच्या जागी काही प्रमाणात हा माल जाळतात. काही ठिकाणी कापून डांबरात मिसळून रस्त्याला वापरतात. मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी ही रीत रूढ केली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

याला पुनर्वापर म्हणायचं का, यावर आमच्यातही दोन मतं आहेत. माझं मत: पऱ्यात जाण्यापेक्षा बरं, आणि एवढंच. पाकीट फाडताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा करू नका. ते चिटोरं कोणाच्याच हाती लागत नाही.

११. दुधाच्या पिशव्या?

उत्तम माल. कोपरा तोडून टाकू नका, चीर द्या. विसळा, दोरीवर वाळवा, घडी करून द्या.

१२. बाटल्या, डबे आमचा भंगारवाला घेतो आणि पैसेही देतो. मग तुम्हाला कशाला द्यायचे?

त्यालाच द्या. मी हे मनापासून सांगतो, जरी आमच्या हिशेबाच्या वहीला ते आवडणार नाही.

त्याच्याकडे गेलेली बाटली पुढे जातेच. या देशात प्लास्टिक फिरत राहिलं ते सरकारी योजनांमुळे कमी आणि सायकलवर तागडी लावून फिरणाऱ्या माणसांमुळे जास्त. घरात माल वेगळा असतो तेव्हाच तो घेतो. एकत्र गोणीतून उपसायला तो बसत नाही. एकत्र पद्धतीचा हा एक तोटा कोणी बोलत नाही: ती भंगारवाल्याच्या पोटावर येते.

अडचण एवढीच की तो चांगलं तेवढं उचलतो आणि पाकिटं, फाटके कागद, थर्माकोल आमच्याकडे उरतं. बाटल्यांच्या पैशातून आम्ही पाकिटांच्या टेम्पोचं भाडं भागवतो. म्हणून निम्म्या बाटल्या त्याला, निम्म्या आम्हाला असं केलंत तर दोघांचंही चालेल.

१३. आम्ही घरात वेगळं करतो आणि गाडीवाला समोरच सगळं एकत्र टाकतो. मग आम्ही कशाला राबायचं?

राग रास्त आहे. गाडी बघा: ओला-सुका वेगळा ठेवणारी फळी मधे आहे का? नसेल तर ड्रायव्हरशी भांडून उपयोग नाही, ग्रामसभेत फळीची मागणी करा. फळीचा खर्च किरकोळ असतो.

फळी येईपर्यंत काच आणि कागद गाडीत देऊच नका, घरी साठवून थेट शेडला आणा (प्रश्न ६). फक्त प्लास्टिक-पत्रा गाडीत गेला आणि त्यात ओलं पडलं नाही, तर ‘एकत्र’ टाकूनही फारसं बिघडत नाही.

हे होत नाही असं कोणी म्हणालं तर वेंगुर्ल्याचं नाव सांगा. तिथल्या नगर परिषदेने, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या पुढाकाराने, घरापासूनच वर्गीकरण लावून धरलं आणि जिथे कचऱ्याचा ढीग होता तिथे ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ उभं केलं. नाक दाबून जायची जागा, तिथे माणसं बघायला येतात. वेंगुर्लं आपल्यासारखंच, तोच पाऊस, तीच माणसं.

ग्रामपंचायत पैसे नाहीत म्हणत असेल तर विचारा: स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागाच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र आणि त्यासाठी १६ लाखांपर्यंतची तरतूद आहे. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठे आहे, चालू आहे की कुलूप आहे?

१४. पावसाळ्यात तुम्ही कागद घेणं का बंद करता?

आमची चूक झाली होती म्हणून. पहिल्या वर्षी जुलैत गाठी बांधून तयार होत्या, टेम्पो ‘उद्या येतो’ म्हणाला आणि घाट बंद झाला. शेडला पुढून आडोसा नव्हता. तीन दिवस उधाणाचा पाऊस. कागदाचा लगदा झाला आणि शेजारच्या बाटल्यांच्या गाठीत जाऊन वाळला, भिंतीला गिलावा करावा तसा. घेणाऱ्याने सुरीने एक बाटली खरवडली, माझ्याकडे बघितलं आणि टेम्पो तसाच परत पाठवला. भाडं दोन्ही वेळचं आमच्या माथी.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एकत्र पद्धत ज्या कॅलिफोर्नियात वाढली तिथे उन्हाळाभर पाऊसच नसतो. पद्धत उचलताना आकाशही बघायला हवं. आता आम्ही आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या) खरेदीबरोबरच शेडला ताडपत्री बांधतो, जूनच्या आधी सगळा कागद विकून मोकळे होतो आणि गणपतीपर्यंत फक्त प्लास्टिक-पत्रा घेतो. कागद तुमच्या माळ्यावर ठेवा.

पडवीला बांधलेला निळा-काळा प्लास्टिकचा कागद ऑक्टोबरात काढाल तो घेतो, पण चिखल झटकून आणि सुतळ्या सोडवून. उन्हाने तडकून भुगा होत असेल तर त्याला घेणारा नाही.

१५. जुनी जाळी, तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा), बर्फाचे थर्माकोलचे खोके सुक्यातच टाकायचे ना?

अजिबात नाही. जाळं गोणीत आलं की सगळ्या मालाला वेढा घालतं, ते सोडवण्यात सकाळ जाते. जाळी नायलॉनची असतील तर त्यांना चांगला भाव आहे, दोर पॉलिइथिलिनचे किंवा पॉलिप्रॉपिलिनचे. दोन्ही वेगळे करून, वाळू झटकून आणा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी विणायचं काम चालूच असतं. तेव्हाच फाटकी बाजूला टाका. तुटलेला तंगूस बंदरावर पडला तर पहिल्या भरतीला पाण्यात जातो आणि कासवाच्या नाहीतर बगळ्याच्या पायात निघतो.

थर्माकोल म्हणजे जवळजवळ सगळी हवाच. टेम्पोभर थर्माकोल पाठवला तरी भाड्याचे पैसे निघत नाहीत. खोका फुटेपर्यंत वापरा, गोणपाटाने बांधून वापरा. मखराचा थर्माकोल कोणी आणायलाच नको, सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे आणि महाराष्ट्रात त्याच्या चार वर्षं आधीपासून.

१६. आमच्या मंडळाने किनारा साफ केला, वीस पोती निघाली. आणून देऊ?

आधी फोन करा. किनाऱ्यावरचं प्लास्टिक घरातल्यासारखं नसतं. खारं पाणी आणि ऊन खाऊन ते ठिसूळ होतं, त्यावर बारीक शिंपले धरलेले असतात आणि वाळू तर अंगभर. पात्यांना वाळू काचेइतकीच वाईट (प्रश्न ४). वीस पोत्यांतलं विकण्याजोगं फार तर तीन-चार पोती निघतं: घट्ट टोपणाच्या बाटल्या, दोर, चपला सोडून बाकीचे जाड तुकडे. उरलेलं पाकिटांबरोबर सिमेंटच्या भट्टीला जातं (प्रश्न १०).

तरी साफ करा. पण पोत्यात भरतानाच बाटल्या एका बाजूला आणि चपला-चिंध्या दुसऱ्या बाजूला करा. शंभर माणसं किनाऱ्यावर असतात तेव्हा हे काम दहा मिनिटांचं असतं. शेडमध्ये आम्ही सहा.

१७. आंब्याच्या फवारणीचे डबे चांगले जाड असतात. धुवून दिले तर?

नको. ते घातक कचऱ्यात मोडतात. धुवूनही औषध प्लास्टिकमध्ये मुरलेलं राहतं, आणि ते बाकीच्या मालात मिसळलं तर पुढे कोणाच्या बादलीत जाईल सांगता येत नाही. डबा तीनदा खळखळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता, विहिरीकडे नेऊ नका, डब्याला भोक पाडा म्हणजे कोणी त्यात रॉकेल किंवा तेल भरणार नाही. आणि ज्या दुकानातून घेतला तिथे परत घेतात का विचारा. घेत नसतील तर वेगळ्या पोत्यात, कुलपात ठेवा, आणि ग्रामपंचायतीला घातक कचऱ्याची व्यवस्था करायला लावा.

१८. दुकानदार म्हणतो पिशवी ‘कंपोस्टेबल’ आहे. ती प्लास्टिकमध्ये की ओल्यात?

प्लास्टिकमध्ये तर नाहीच. ती दुधाच्या पिशव्यांत मिसळली की दाणा कमकुवत होतो, आणि हाताने ओळखणं आम्हालाही कठीण जातं. ती परसातल्या खड्ड्यातही लवकर कुजत नाही, तिला खतनिर्मितीच्या मोठ्या केंद्रातली सततची उष्णता लागते. म्हणून कापडी पिशवी न्या. हा प्रश्नच मग उरत नाही.

१९. न्हाणीची चूल पेटवायला दोन पिशव्या घातल्या तर एवढं काय होतं?

माझी आजीही घालायची, म्हणून ओरडत नाही. पण तेव्हाची पिशवी आणि आजची पाकिटं वेगळी. त्यात पीव्हीसीचा तुकडा असला तर धुरातून डायऑक्सिनसारखी विषं निघतात. थर्माकोलचा काळा धूर छातीत बसतो. आणि न्हाणीच्या चुलीपुढे वाकून फुंकर घालणारं माणूस घरातलंच असतं. नारळाची सोडणं आणि चुडतं असताना पिशवी कशाला? शिवाय कचरा उघड्यावर जाळायला बंदी आहे, परसातसुद्धा.

२०. आमचा होमस्टे आहे. पाहुणे काहीही कुठेही टाकतात. त्यांना तीन गोण्या कशा समजावू?

समजावू नका. खोलीत एकच टोपली ठेवा, पाहुण्यांसाठी एकत्र पद्धतच बरी. फक्त काचेसाठी बाहेर पायरीजवळ एक क्रेट ठेवा, बाटली तिथे आपसूक जाते. खोली आवरणारी बाई टोपली ओतताना कागद बाजूला काढेल, त्यासाठी तिला वेगळे पैसे द्या. आणि पाण्याच्या बाटल्यांऐवजी जार ठेवलात तर मे महिन्यात आमच्याकडे येणारा बाटल्यांचा डोंगर निम्मा होईल.

२१. शाळेत मुलांना बाटलीत पाकिटं कोंबून ‘इको-ब्रिक’ करायला सांगितलं आहे. त्या बाटल्या घ्याल का?

नाही, आणि वाईट वाटतं. चांगली पेटची बाटली, जिला भाव आहे, तिच्यात न विकणारी पाकिटं ठासून भरली की बाटलीही बाद होते. भिंत खरंच बांधणार असाल, ओटा, बाक काहीतरी, आणि तो पक्का लिंपणार असाल तर करा. नुसत्या शंभर बाटल्या भरून वर्गाच्या कोपऱ्यात पडणार असतील तर बाटल्या आणि पाकिटं वेगवेगळी शेडला पाठवा. मुलांना घेऊन या, फळीवर बसवतो. गेल्या वेळी सातवीच्या एका पोराने अर्ध्या तासात चुरगळण्याचा आवाज ओळखायला शिकून घेतलं.